पाच सुताचं झबलं

माझी सही लांबलचक आहे, यावरून मला आजवर पुष्कळांनी टोमणे मारलेत. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चार चौकटी असतात. कोणी काढला, कोणी ट्रेस केला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. बाकीचे तिथे दोन अक्षरं खरडतात आणि मोकळे होतात. मी चौकटीबाहेर जाईल एवढं नाव लिहिते, विमल दगडू पोरे. परवा एका नव्या ड्राफ्ट्समनने विचारलं, बाई, नकाशा आहे की लग्नपत्रिका? म्हटलं, बस खाली, सांगते. पण मध्ये तोंड घालू नकोस, मला राग लवकर येतो.

पंचावन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहत होता. सायकलीचे सुटे भाग बनणार होते तिथे. स्टेशनवर उतरलं की सगळीकडे कुसळं, खडी आणि चुन्याचे ढीग. त्यातच पत्र्याची एक शेड, तिला आम्ही ड्रॉइंग ऑफिस म्हणायचो. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली माणूस नुसता शिजायचा. घाम नकाशावर पडू नये म्हणून मी मनगटाला फडकं बांधून बसायची.

मी मूळची बार्शीची, शिंप्याची मुलगी. शाळेत ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झाले. लग्न झालं, नवऱ्याच्या घरी चार वर्षं काढली आणि एक दिवस ट्रंक उचलून बाहेर पडले. लोक म्हणायचे, हिला नवऱ्यानं टाकलं. मी म्हणायची, नीट ऐका, मी त्याला टाकलं. मग चिंचवडला एक खोली घेतली आणि इथे ट्रेसर म्हणून लागले. एवढ्या मोठ्या साइटवर खुर्चीवर बसणारी बाई मी एकटीच. पाट्या टाकणाऱ्या बाया शंभर होत्या, त्यांच्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं.

आमचं काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंबईहून सल्लागार इंजिनियरांचा पेन्सिलीने काढलेला कागद यायचा. त्यावर मी ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायची आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवायची. कापडच ते, कागद नव्हे. उत्तम तलम मलमल, वर कडक खळ दिलेली, आरपार दिसणारी. कापड तयार झालं की काचेच्या चौकटीत निळ्या कागदावर ठेवून बाहेर उन्हात धरायचं, मग कागद पाण्यात बुडवायचा. झाला प्रिंट. तो मिस्त्रीच्या हातात जायचा आणि त्यावर काय छापलंय ते ब्रह्मवाक्य. मुंबईचा पेन्सिल-कागद परत मुंबईला.

साइटचे मोठे इंजिनियर होते रंगराव सुर्वे. माणूस हुशार, बोलायला गोड, बुटांना कायम पॉलिश. त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात एक नियम शिकवला होता. नकाशावरचा आकडा खोडला की शेजारी सही आणि तारीख, मग तो कोणी का खोडेना. म्हणाले, बाई, आकडा बदलणं म्हणजे घर बदलणं, मागे पत्ता ठेवावा लागतो. मला नियम पटला होता. अजून पटतो.

जानेवारीत सदतीस नंबरचा नकाशा आला. कारखान्याच्या दरवाजावरचा छज्जा, भिंतीतून सहा फूट बाहेर आलेला, खाली खांब नाही. सगळा भार छज्ज्याच्या वरच्या अंगाला घातलेल्या सळ्यांवर. मुंबईने लिहिलं होतं पाच अष्टमांश इंच. आमच्याकडे इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, म्हणजे सळई पाच सुती, हाताच्या अंगठ्याएवढी. मी तीन दिवस बसून कापड तयार केलं. रेघ इतकी सुरेख आली होती की मलाच कौतुक वाटत होतं.

रंगराव आले, वाकून बघितलं. तेव्हा लोखंड परमिटवर मिळायचं आणि पाच सुती सळईची वॅगन दोन महिने आली नव्हती. आवारात तीन सुती पडली होती, करंगळीएवढी. उद्घाटनाची तारीख वरून ठरून आली होती. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला, माझ्याच शाईत बुडवला, पाचाचा आकडा खोडून तीन केला आणि सवयीने शेजारी सही ठोकली, आर. एस., बारा एक पंचावन्न. म्हणाले, मुंबईला मी कळवतो, तुम्ही नवीन कापडावर स्वच्छ उतरवा. ब्लेडने खरवडलं तर प्रिंटमध्ये डाग येतो, हे खरंच होतं. मी नवं कापड ताणलं आणि तीन लिहिलं. ट्रेस करणाऱ्याच्या चौकटीत व्ही. डी. पी. लिहिलं. तपासणाऱ्याची चौकट त्यांनी रिकामी ठेवली. नंतर करतो म्हणाले, ते नेहमीच नंतर करायचे.

प्रिंट गेला बरकत मिस्त्रींकडे. बरकतभाई मूळ चाकणचे, तीस वर्षं लोखंड वाकवलेला माणूस. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण नकाशा असा वाचायचे की वाटावं यांनीच काढलाय. दुपारी प्रिंट घेऊन शेडच्या दारात उभे राहिले. आत यायचे नाहीत, पायाला चिखल म्हणून.

"बाई, सहा फुटाला तीन सूत? पाच पायजे हितं. जरा साहेबांना इचारा की."

मला माहीत होतं पाच पाहिजे. खोडलेला आकडा माझ्या टेबलाखालीच गुंडाळून पडला होता. पण त्या दिवशी मला अजून दोन नकाशे संपवायचे होते, डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर साहेबांना जाऊन उलट विचारायची माझी छाती झाली नाही. मी, जी नवऱ्याला टाकून आले म्हणून मिरवत होते. मी बरकतभाईंकडे न बघता म्हटलं, "छापलंय ते बांधा, मिस्त्री."

ते प्रिंट गुंडाळून निघून गेले.

मनाला लागलं होतं म्हणून म्हण, मी ते खराब झालेलं कापड घरी नेलं. रद्द झालेली कापडं आम्ही सगळेच न्यायचो, कोणी हटकत नसे. खळ निघेपर्यंत सोड्यात उकळली की आत अशी मऊ मलमल निघते की दुकानात मिळायची नाही. ज्योतीराम ड्राफ्ट्समनचे सगळे रुमाल त्याच कापडाचे. बरकतभाईंची मुलगी नजमुन्निसा, सांगवीला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला. मी कापड उकळलं आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे एक झबलं नि एक टोपडं शिवलं. काळी शाई मात्र हट्टी, ती पुरती जात नाही. राखाडी रेघा राहिल्या. इकडून तिकडून कापलं तरी रेघेशिवायचा तुकडा सापडेना, तेव्हा म्हटलं असू दे, बाळाला काय वाचता येतंय.

छट्टीला गेले तर नजमुन्निसाने झबलं घालून पोराला पालथं केलं आणि हसत सुटली. पाठीवर बरोबर मधोमध तो खोडलेला आकडा आणि खाली साहेबांची सही. टोपड्याच्या कडेला नकाशाचा नंबर, सदतीस. रात्रंदिवस रडून घर डोक्यावर घेतो आणि सही घेऊन फिरतो, म्हणून बायांनी त्याचं नाव साहेब पाडलं. साहेब उठले, साहेब ओले झाले, साहेबांना भूक लागली. बरकतभाईसुद्धा हसले. मी पण हसले. तेव्हा हसायलाच येत होतं.

छज्जा भरला फेब्रुवारीत. चार आठवड्यांनी, मार्चमधल्या एका मंगळवारी, खालचे लाकडी टेकू काढले. जेवणाची सुट्टी होती. बाया सावली बघून बसतात, तशी अंबूबाई छज्ज्याखाली भाकरी सोडून बसली. ती आमच्याकडे खडीच्या पाट्या टाकायची, पन्नाशीची असेल. मी शेडमध्ये होते. आधी कडाड असा आवाज आला, मग धूळ, मग किंकाळी. धावत गेले तर अख्खा छज्जा भिंतीपाशी मोडून लोंबत होता आणि त्याच्या कडेखाली अंबूबाईचा पाय. मोडलेल्या जागी सळ्या बाहेर आल्या होत्या, करंगळीएवढ्या, वाकलेल्या. बरकतभाईंनी आणि दहा जणांनी पहारी लावून तिला काढलं. पाय वाचला, पण सरळ कधी झाला नाही. तिच्या भाकरीवर सिमेंटची धूळ बसली होती, एवढं मला नीट आठवतं.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी माझं तीन सुताचं कापड आणि साइटवरचे सदतीस नंबरचे सगळे प्रिंट गोळा केले. बरकतभाईंकडचाही नेला. गुरुवारी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहा. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात मारणार.

म्हणाले, सोमवारी मुंबईचे मोठे साहेब चौकशीला येताहेत. त्यांच्या कागदावर पाच आहे, छज्ज्यात तीन निघालं. मधलं कापड तुमचं, त्यावर तुमची अक्षरं. तपासल्याची सही कुठेच नाही. मग आकडा चुकला कोणाकडून, असं ते विचारणार. पण बाई, तुमची नोकरी जावी असं मला वाटत नाही. एकटी बाई, कुठे जाल. तुम्ही फक्त एक नवीन कापड करा, पाच सुताचं, तारीख जुनी. म्हणजे नकाशा बरोबर आणि मिस्त्रीने बारीक सळई घातली. जाड सळई विकून खाल्ली असेल, ही माणसं काय करत नाहीत. पोलीस बघून घेतील.

मी म्हटलं, पाच सुती सळई साइटवर आलीच नव्हती. ते म्हणाले, ते मी बघतो. मी म्हटलं, आकडा तुम्ही खोडला, माझ्यासमोर, माझ्या पेनने. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "दाखवता?"

माझं डोकं असं सणकलं की कप उचलून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर रिकामा करावा. केला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. उठताना एवढंच म्हटलं की माझ्या हातून असलं कापड होणार नाही. ते म्हणाले, होईल, नाहीतर ज्योतीराम करील. दोघांपैकी एकाचं नाव सोमवारी जाणार, तुमचं किंवा मिस्त्रीचं. ठरवा.

शेडमध्ये येऊन पेन हातात घेतला. सरळ रेघ येईना. ट्रेसरला सरळ रेघ येईना की संपलं. माझी नोकरी जाईल याची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. बरकतभाई दारात उभे राहून सांगत होते, आणि मी त्या माणसाला गप्प केलं होतं. आता त्याच माणसाला चोर ठरवायचं, तेही माझ्या अक्षरात. आणि साहेब विचारतो, दाखवता? डोक्यात तो शब्द नुसता फिरत होता. दाखवता, दाखवता. आणि एकदम मला तो पालथा घातलेला पोरगा दिसला.

त्या दिवशी मी सुट्टी व्हायची वाट बघितली नाही. चप्पल अडकवली आणि नदीकडेच्या बरकतभाईंच्या घरी गेले. ते बाजेवर बसून होते. कालपासून कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं त्यांना. हवालदार येऊन घरातली भांडीसुद्धा हलवून गेला होता, लोखंड शोधायला. तीस वर्षं मान वर करून वावरलेला माणूस, माझ्याकडे बघेना. मी आधी ते सांगून टाकलं जे सांगायचं होतं. म्हटलं, तुम्ही बरोबर होता, मला तेव्हाच माहीत होतं, मी भ्याले. मग मी विचारलं, झबलं कुठाय?

झबलं साहेबांच्या अंगावर होतं, ओलं. नजमुन्निसाने ते काढून, धुऊन दारातल्या दोरीवर टाकलं. उन्हात धरल्यावर आकडे जास्तच स्पष्ट दिसायला लागले. पाच, त्यावर आडवी रेघ, शेजारी तीन, आर. एस., बारा एक पंचावन्न. बरकतभाई उठून जवळ आले. बोटाने आकडा चाचपून बघितला. मग म्हणाले, बाई, हे दाखवलं तर तुम्ही कचेरीचं कापड नेलं हे पण दिसंल. मी म्हटलं, दिसू दे. ते म्हणाले, पोरीला चौकशीत न्यायचं न्हाई, बायामाणसांचं काम न्हाई ते. नजमुन्निसा दोरीपाशीच उभी होती. वळून म्हणाली, "अब्बा, झबलं माझ्या पोराचं हाय. ते जिथं जाईल तिथं पोरगं जाईल, आणि पोरगं जाईल तिथं मी."

सोमवारी मुंबईचे साहेब आले. पांढऱ्या भुवयांचे, वयस्कर, कमी बोलणारे. चौकशी आमच्या शेडमध्येच भरली, कारण मोठं टेबल तिथेच. रंगराव, ज्योतीराम, मी, आणि दाराबाहेर नेहमीच्या जागी बरकतभाई. रंगरावांनी एक कापड टेबलावर उलगडलं. नंबर सदतीस, पाच सुती, तारीख जानेवारीची, तपासल्याची सही ठसठशीत. आणि ट्रेस करणाऱ्याच्या चौकटीत व्ही. डी. पी. ज्योतीराम पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. पाच पोरांचा बाप, मी त्याच्यावर फार चिडले नाही. जराशी चिडले.

रंगराव शांतपणे सांगत गेले. नकाशा बरोबर होता, प्रिंट बरोबर होते, मिस्त्रीने बदल केला, प्रिंट मिस्त्रीने हरवला. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, ही अक्षरं तुमची?

"नाहीत," मी म्हटलं. "माझं कापड बाहेर उभं आहे. आत बोलावते."

नजमुन्निसा आत आली, डोक्यावर पदर, कडेवर साहेब. पोराने पत्र्याच्या शेडमध्ये शिरताच भोकाड पसरलं. तिने त्याला टेबलावर पालथं घातलं, त्या खोट्या नकाशाच्या बरोबर वर, आणि टोपडं काढून बाजूला ठेवलं. मोठे साहेब आधी चमकले. मग चष्मा लावून वाकले. पोरगं रडतच होतं. मी सगळं सांगितलं, एका दमात, पेन, शाई, बारा तारीख, सळईची न आलेली वॅगन, उकळलेलं कापड. बरकतभाई विचारायला आले होते आणि मी त्यांना हाकललं, हेही सांगितलं.

रंगराव हसले. म्हणाले, सर, आपण लंगोटावरून चौकशी करणार का? मग त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि झबल्यावर ठेवली. सहा फुटांचा छज्जा प्रमाणात मोजला तर जेमतेम साडेपाच फूट भरला. म्हणाले, बघा, माप जुळत नाही, हा आपला नकाशाच नव्हे, बाईंनी घरी बसून काढलेला काहीतरी आहे. आणि नकाशा असेल, तर मग कचेरीचा माल चोरल्याचा कबुलीजबाब आहे.

त्यांना वाटलं, मी अडकले. अरे, शिंप्याच्या मुलीला कापड शिकवतात.

"मलमल उकळली की फुटाला इंचभर आत जाते, साहेब," मी म्हटलं. "कापड आकसतं. आकडा आकसत नाही. पाचाचे तीन कोणी केले, ते त्याच्या शेजारीच लिहिलंय. आकडा खोडला की सही करायची, हा नियम तुमचाच."

मोठ्या साहेबांनी टोपडं उचलून नंबर वाचला. मग झबल्यावरची सही आणि टेबलावरच्या कापडावरची तपासल्याची सही, दोन्हींवर आळीपाळीने बोट ठेवलं. आर.चा तोच पाय, एस.ची तीच शेपटी. नंतर ज्योतीरामकडे बघून विचारलं, हे कापड तुम्ही कधी केलंत? ज्योतीराम म्हणाला, शनिवारी. बस, एवढा एकच शब्द. त्याला तो केवढ्याला पडला असेल ते त्याचं तो जाणे. एवढ्यात टेबलावरच्या छोट्या साहेबांनी रडणं थांबवलं आणि त्या खोट्या नकाशावर मनसोक्त धार सोडली. शाई पसरली नाही, शाई चांगली होती, पण खळ फुगून कापड वेडंवाकडं झालं. कोणी पुसायला पुढे आलं नाही.

मोठ्या साहेबांनी झबलं फाइलला लावायला मागितलं. नजमुन्निसा म्हणाली, न्या, पण लिहून द्या की हे माझ्या पोराचं हाय. त्यांनी खरोखर लिहून दिलं. बरकतभाईंना आत बोलावून बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत, पायाला चिखल म्हणून. रंगराव त्या आठवड्यात साइटवरून गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही.

नवा सदतीस नंबर मीच ट्रेस केला. पाच सुती, मुंबईची सही आधी, मग माझा पेन. ट्रेस करणाऱ्याच्या चौकटीशी आले आणि थांबले. व्ही. डी. पी. काय, कोणीही लिहू शकतं. ज्योतीरामने लिहिलंच होतं. माझं नाव खोटं लिहायचं असेल तर लिहिणाऱ्याला निदान घाम फुटला पाहिजे. मी पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. ते चौकटीबाहेर गेलं. जाऊ दे म्हटलं.

तीन आठवड्यांनी मला मुख्य कचेरीतून मेमो आला. कचेरीच्या मालकीचं ट्रेसिंग कापड विनापरवाना घरी नेल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. म्हणजे बघ. छज्जा पडला, बाईचा पाय मोडला, माणूस चोर ठरता ठरता राहिला, आणि या सगळ्यात मुख्य कचेरीला सापडलेला गुन्हा कोणता, तर झबलं. सगळे म्हणाले, माफी मागून टाक, चार ओळी लिही, काय जातंय. ज्योतीरामने तर मसुदा करून आणला, बिचारा. मी मेमोच्या मागेच लिहिलं. होय, नेलं. उकळलं, कापलं, शिवलं. ते नेलं नसतं तर आज एक खरा माणूस तुरुंगात असता आणि तुमच्या कपाटात एक खोटा नकाशा असता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन. खाली पूर्ण सही.

नोकरी गेली. जायचीच होती. महिनाभर घरी बायांच्या चोळ्या शिवल्या, मग दुसरीकडे लागले, ते सोड.

मे महिन्यात बरकतभाई चिंचवडला माझ्या दारात आले. म्हणाले, उद्या छज्ज्याचे टेकू काढतोय, या. मी म्हटलं, मला आत कोण सोडतंय आता? ते म्हणाले, या तर खरं.

गेले. फाटकावर रखवालदाराने अडवलं. बाई, तुमचा आता इथे संबंध नाही, म्हणाला. तिथेच भिंतीवर सदतीस नंबरचा निळा प्रिंट चिकटवला होता. मी त्याला म्हटलं, कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच. त्याने एकेक अक्षर लावून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. बरकतभाई छज्ज्यावरून ओरडले, "छापलंय ते बांधलंय, बाई." गालात हसत होते. मला तोंड लपवावंसं वाटलं आणि हसूही आलं.

अंबूबाई काठी टेकत आली होती. ती दूर उन्हात उभी. तिला म्हटलं, इकडे सावलीत ये की. ती म्हणाली, नको बाई, मला न्हाई धीर होत, तुमच्या कागदाच्या भरोशावर एकदा बसली मी. तिचं खरंच होतं. मी पदर खोचला, छज्ज्याखाली अगदी मधोमध जाऊन मांडी घालून बसले आणि भाकरी सोडली. रखवालदार ओरडला, टेकू निघताहेत, बाहेर या. बरकतभाई खाली उतरून आले. त्यांनी हातोडी उचलली आणि पहिला टेकू पाडला. मी अंबूबाईकडे बघून चटणी वाढून घेतली. चार टेकू गेले, पाच गेले. सहाव्याला ती काठी टेकत टेकत आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या फडक्यातली भाकरी ओढून घेतली. शेवटचा टेकू निघाला तेव्हा मी तिला कांदा फोडून देत होते.